तीन परीक्षणं, दोन महिने: वहीतल्या नोंदी

एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा), एक मांगा (जपानी चित्रकथा) व त्यावरचा चित्रपट, आणि बारा भागांची एक ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका. या तिघांची परीक्षणं लिहायला घेतली तेव्हा ३० तासांत उरकेल असं धरलं होतं. काय केलं, काय चुकलं, किती वेळ गेला हे त्या त्या दिवशी वहीत लिहीत गेले, त्याच या नोंदी. दुसरं कुणी परीक्षण लिहायला बसलं तर त्याला उपयोग व्हावा, म्हणून चुका गाळलेल्या नाहीत. गेमचं आणि मालिकेचं नाव मात्र घेत नाही. गोंधळ माझ्या कामात होता, तो त्यांच्या नावाला चिकटायला नको.

२ फेब्रुवारी. ६ तास.

गेमचं रूलबुक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. पद्धत अशी: दोन डी-६ (सहा बाजूंचे फासे) टाकायचे, बेरजेत पात्राचा आकडा (त्या कामातली त्याची तयारी) मिळवायचा. १० किंवा वर आले तर काम फत्ते. ७ ते ९ आले तर काम होतं, पण त्याची काहीतरी किंमत मोजावी लागते. ६ किंवा खाली आले तर पुढची चाल जीएमची (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी व्यक्ती). २०१० मध्ये आलेल्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'पासून या पद्धतीच्या खेळांचं मोठं घराणं उभं राहिलं, हा त्यातलाच एक.

पुस्तक मिटलं आणि तशीच बसून दीड तासात नऊशे शब्दांचा खर्डा लिहून काढला. वाचन ताजं होतं, मुद्दे भराभर सुचत होते. त्यात चार विधानं ठामपणे केली. पहिलं, पात्राच्या आकड्यात एकाचा फरक किरकोळ आहे. दुसरं, पात्र वीस मिनिटांत तयार होतं (पुस्तकात तसं लिहिलंय). तिसरं, नवख्या जीएमला हा खेळ सोपा जाईल. चौथं, जगाचं वर्णन करणारी मागची चाळीस पानं भरताड आहेत.

यातलं एकही विधान खेळून पाहिलेलं नव्हतं. पुढचा सगळा महिना या चार वाक्यांच्या मागे गेला.

५ फेब्रुवारी. ३ तास.

पहिलं विधान तपासलं. मला डी-२० च्या, म्हणजे वीस बाजूंच्या एका फाशाच्या, खेळांची सवय. तिथे वीसही बाजूंची शक्यता सारखी, प्रत्येकी ५ टक्के, त्यामुळे +१ मिळाला की यशाची शक्यता सरळ ५ टक्क्यांनी सरकते. तोच हिशोब मनातल्या मनात इथे लावला होता.

कागदावर जोड्या मांडायला घेतल्या तर एकूण २१ च भरल्या आणि टक्केवारी काही केल्या जुळेना. एक तास गेला. २ आणि ५, ५ आणि २ या दोन वेगळ्या जोड्या आहेत, त्या मी एकच धरत होते. शेवटी एक लाल आणि एक पांढरा फासा समोर ठेवला आणि सहा बाय सहाची चौकट आखली. छत्तीस घरं, गडबड संपली. हे काम मनात करू नका, दोन रंगांचे फासे घ्या.

चौकटीतून निघालेलं असं. आकडा ० असेल तर ६ किंवा खाली येण्याची शक्यता ४१.७ टक्के. +१ असेल तर २७.८. +२ असेल तर १६.७. म्हणजे पहिल्या एका गुणात अपयश जवळजवळ चौदा टक्क्यांनी खाली येतं. किरकोळ म्हणाले होते तो फरक डी-२० वरच्या जवळपास तीन गुणांएवढा आहे. पहिलं विधान खोडलं.

पण खरी गोष्ट मधल्या रकान्यात दिसली. ७ ते ९, म्हणजे 'होतं पण किंमत मोजून', याची शक्यता आकडा ० असताना ४१.७, +१ असताना ४४.४, +२ असताना पुन्हा ४१.७. आकडा ० वरून +२ वर जावो, मधला रकाना फारसा हलत नाही. +३ ला ३३.३ वर उतरतो. म्हणजे +२ पर्यंत तरी या खेळात याहून जास्त वेळा दुसरं काही घडत नाही. पुस्तक वाचताना मी त्या परिच्छेदावरून अर्ध्या मिनिटात पुढे गेले होते.

९ फेब्रुवारी. ३ तास.

चार जण जमवले. दोघी मुरलेल्या, एक अधूनमधून खेळणारा, एक अगदी नवखा. फक्त पात्रं तयार करायची, खेळायचं नाही, असं आधीच सांगितलं होतं. घड्याळ लावलं.

वीस नव्हे, एक तास पस्तीस मिनिटं.

नियम अवघड म्हणून नाही. कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती भरायचा कागद) मी पाठपोट छापली होती. पुढच्या बाजूला निवडी, मागच्या बाजूला त्या निवडींचा अर्थ. चौघंही दर दोन मिनिटांनी कागद उलटत होते, आणि एकाने उलटला की शेजारचा विचारायचा, "तुझं कुठलं पान चाललंय?" शिवाय शस्त्रं-सामानाची यादी पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात, आणि पुस्तकाची प्रत एकच.

घरी आल्यावर शीट एकेरी छापल्या, दोन्ही पानं शेजारी ठेवता येतील अशा. सामानाची यादी वेगळ्या कागदावर, चार प्रती. नंतर याच नवख्याबरोबर दुसरं पात्र करून पाहिलं, तेव्हा छत्तीस मिनिटं लागली. त्याला एकदा सराव झाला होता हेही त्यात आलं, म्हणून परीक्षणात दोन्ही वेळा लिहिल्या, परिस्थितीसकट. नुसतं "वेळ लागतो" असं लिहून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कागद कसा छापायचा हे सांगितलं तर त्याचा एक तास वाचतो.

१५ फेब्रुवारी. ६ तास.

पहिलं सेशन. तीन तास चाळीस मिनिटं. मी जीएम.

सेशन चांगलं झालं, पण परीक्षणासाठी त्यातलं जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. जीएम असताना डोकं पूर्ण गुंतलेलं असतं. समोर चार माणसं बोलत असतात, पुढच्या प्रसंगाची जुळवाजुळव चाललेली असते, त्यात लिहिणार कधी? "आवाज रेकॉर्ड होतोय" या भरवशावर वही उघडलीच नाही. घरी येऊन पाहिलं तर पहिल्या पन्नास मिनिटांनंतर एक फोन आला होता आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं होतं. दोन तास पन्नास मिनिटं गेली.

आठवणीतून लिहायला बसले, तर आठवत होते फक्त दोन प्रसंग: सर्वांत हसवणारा आणि सर्वांत कंटाळवाणा. या दोघांच्या आधारे लिहिलेलं परीक्षण म्हणजे टोकांचं परीक्षण. मधला पाऊण भाग, ज्यात लोक खरोखर खेळत असतात, तो त्यात येणारच नाही.

१६ फेब्रुवारी. २ तास.

नोंदीचा तक्ता बनवला. एका फेकीला एक ओळ. रकाने पाच: वेळ, पात्राचा आकडा, बेरीज, नियम शोधायला लागलेला वेळ, आणि निकालानंतर खेळ पुढे सरकेपर्यंतची शांतता. शेवटचा रकाना नंतर सुचला म्हणून समासात आखला, आणि सगळ्यांत जास्त कामी तोच आला. तक्ता भरायचं काम माझ्याकडे नको, हेही ठरवलं. दर वेळी ज्याचं पात्र प्रसंगात नसेल त्याने भरायचं. फोन फ्लाइट मोडवर.

२२ फेब्रुवारी. ६ तास.

दुसरं सेशन, चौतीस फेकी. १० किंवा वर: नऊ. ७ ते ९: पंधरा. ६ किंवा खाली: दहा. गणिताशी साधारण जुळलं. नसतं जुळलं तरी काही लिहिणार नव्हते. चौतीस फेकींवरून फाशांबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

शांततेचा रकाना मात्र बोलका निघाला. पूर्ण यश किंवा पूर्ण अपयश आलं की खेळ दहा-पंधरा सेकंदांत पुढे जायचा. पंधरा 'किंमत मोजून' निकालांपैकी सहा वेळा शांतता एक मिनिटाच्या वर गेली.

त्यातली एक इथे लिहून ठेवते. चोराचं पात्र भिंतीवर अर्ध्यावर चढलंय, खाली पहारेकरी, फेक ८. म्हणजे ती चढते, पण काहीतरी बिघडलं पाहिजे. सगळे माझ्याकडे बघतायत. मला काही सुचत नाही. दोर तुटला? ते तर मागच्याच प्रसंगात झालं. पहारेकऱ्याने पाहिलं? मग ते यश कसलं? तक्ता भरणारी सेकंद मोजतेय हे मला दिसतंय. सत्तर सेकंदांनी जिचं पात्र भिंतीवर होतं तीच म्हणाली, "माझी मशाल पडू दे खाली. मी वर पोचले, पण आता मला अंधारातच जावं लागेल." सगळ्यांनी एकदम मान डोलावली आणि पुढची वीस मिनिटं त्या संध्याकाळची सर्वांत रंगलेली होती.

तिसरं विधान इथे पडलं. नवख्या जीएमला हा खेळ सोपा नाही. नियम कमी आहेत हे खरं, पण नियमांनी जे काम करायचं ते जीएमच्या कल्पनाशक्तीवर टाकलंय, आणि तेही बेचाळीस-चव्वेचाळीस टक्के वेळा. पुस्तकात जीएमच्या चालींची यादी आहे: सामान हिरावून घ्या, दोघांना वेगळं करा, येणाऱ्या संकटाची चाहूल द्या. ती सोळा चालींची यादी एका प्रकरणाच्या शेवटी दडली आहे. ती एका कार्डावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतली.

१ मार्च. ५ तास.

तिसरं सेशन. या वेळी जीएम दुसरी, मी खेळाडू. हे करायची इच्छा नव्हती, परीक्षण लांबत होतं. पण दोन्ही सेशन माझ्याच हातची, म्हणजे मी खेळ पाहत होते की स्वतःला, हे कळायला मार्ग नव्हता.

तिच्यासमोर कार्ड ठेवलं. एक मिनिटाच्या वरची शांतता सबंध सेशनमध्ये दोनदा. आणि भरताड म्हटलेली ती चाळीस पानं तिने आठवडाभर वाचली होती. किंमत मोजायची वेळ आली की ती तिथलीच माणसं, तिथलीच देणी, तिथलीच भांडणं काढायची. मशाल पडली एवढ्यावर न थांबता, मशाल पडली ती कुणाच्या गवताच्या गंजीवर, हे तिच्याकडे तयार होतं. ती पानं मधल्या रकान्यासाठीच लिहिलेली आहेत. वाचून हे मला कळलं नसतं. मी ती पानं गोष्टीसारखी वाचली होती, हत्यारांच्या पेटीसारखी नाही. चौथं विधानही गेलं.

४ मार्च. ५ तास.

पहिला खर्डा पूर्ण टाकला. नऊशे शब्दांतली दोन वाक्यं राहिली, दोन्ही छपाईबद्दलची. नवं परीक्षण 'किंमत मोजून' या निकालापासून सुरू केलं आणि खेळ कुणाला जमेल हे त्यावरच टांगलं. किती सेशन झाली, कोण जीएम होतं, माणसं किती आणि किती मुरलेली, हे पहिल्या परिच्छेदातच सांगितलं. गुण किंवा तारे दिले नाहीत. कार्ड नसताना आणि कार्ड असताना हा जवळजवळ वेगळा खेळ आहे, त्याला एक आकडा कसा देणार?

८ मार्च. ७ तास.

आता मांगा. जपानी चित्रकार-दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमोचा 'अकिरा' निवडला, कारण मांगा आणि चित्रपट दोन्ही त्याचेच. तुलना करताना पाय ठेवायला जागा मिळते.

पहिला खंड मैत्रिणीकडून आणला, मूळ दिशेचा, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायचा. मोजणीसाठी साठ पानांचे फोटो काढले आणि फोनवर पॅनल (चित्राच्या चौकटी) मोजत बसले. पानागणिक पॅनल किती, त्यात संवाद नसलेले किती, ओतोमो पात्राकडून पात्राकडे कधी जातो, एकाच हालचालीचे तुकडे कधी करतो. एका पॅनलवरून दुसऱ्यावर जाण्याचे सहा प्रकार कॉमिक्सवर लिहिणाऱ्या स्कॉट मॅक्लाउडने १९९३ मध्ये मांडले आहेत, ते मोजायला सोपे जातात म्हणून तेच घेतले.

संध्याकाळपर्यंत असं दिसू लागलं की बऱ्याच पानांवर चित्र विचित्र तुटलेलं आहे, अर्धी इमारत, अर्धा धूर, पानाची एक बाजू रिकामी. "मांडणी काही ठिकाणी असमतोल" असं लिहिलं.

१२ मार्च. ८ तास.

असमतोल मांडणी नव्हती, माझे फोटो होते. एकेक पान वेगळं टिपल्यामुळे दोन पानांवर पसरलेली सगळी चित्रं मी मधोमध कापली होती. पुस्तक टेबलावर उघडं ठेवून पाहिलं तेव्हा त्या 'अर्ध्या' इमारती शिवणीच्या दोन्ही बाजूंना मिळाल्या आणि शहर कोसळताना दिसलं. डोळ्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कोसळणं चालू राहतं. संवाद एकही नाही. साठ पानांची मोजणी पुन्हा केली, या वेळी समोरासमोरच्या दोन पानांचा एक घटक धरून. चार तास वाया गेले ते गेले.

पुन्हा मोजताना एक रकाना वाढवला: डाव्या पानाचं खालचं डावं पॅनल. या दिशेच्या पुस्तकात पान उलटण्याआधी दिसणारी शेवटची चौकट ती. तिथे कुणी वळून पाहतंय का, आवाज आलाय का, दार उघडतंय का, हे टिपत गेले. मांगा नियतकालिकात तुकड्यातुकड्यांनी येतो, वाचणाऱ्याला पुढच्या पानावर ओढणं हा त्यातला रोजचा कारागिरीचा भाग आहे, आणि तो नेमका त्या कोपऱ्यात बसलेला असतो. पुस्तक हातात धरून वाचल्याशिवाय तो कोपरा दिसतच नाही.

दुसरी चूक रंगांची. ओतोमोच्या रंगसंगतीवर एक लांब परिच्छेद लिहिला होता. तो मी कधीकाळी पाहिलेल्या रंगीत अंकांच्या आठवणीवर बेतलेला. मूळ मांगा जवळजवळ सगळा काळापांढरा आहे. ते रंग एपिक कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनाच्या, १९८८ पासून निघालेल्या इंग्रजी आवृत्तीसाठी स्टीव्ह ऑलिफने संगणकावर भरले. त्याच आवृत्तीत पानं आरशासारखी उलटवली होती, डावीकडून उजवीकडे वाचता यावीत म्हणून. त्यात उजव्या हाताने काम करणारी माणसं डावखुरी होतात. परिच्छेद काढला. परीक्षणात सुरुवातीलाच लिहिलं: वाचलेली आवृत्ती काळीपांढरी, मूळ दिशेची.

बलूनबद्दल (संवाद ज्यात लिहितात त्या फुग्यांबद्दल) एक गोष्ट लगेच लिहून ठेवते, नंतर विसरेन. जपानी मजकूर उभा लिहिला जातो, म्हणून बलून उभे आणि अरुंद. भाषांतर आडव्या ओळींत येतं. लांब शब्द त्या अरुंद जागेत मावत नाही, मग तो तोडावा लागतो किंवा अक्षर बारीक करावं लागतं. काही पात्रं मला अडखळत बोलतात असं वाटत होतं. ते अडखळणं पात्राचं नव्हतं, ओळी तुटल्याचं होतं. संवादांच्या लयीबद्दलची दोन वाक्यं यामुळे गाळली.

१४ मार्च. २ तास.

या नोंदींतली सर्वांत लाजिरवाणी चूक. चित्रपटाशी तुलना करताना लिहिलं होतं: "चित्रपटाने मांगाचा उत्तरार्ध गाळला आणि शेवट बदलला." तारखा लिहायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं. मांगा १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९० मध्ये संपला. चित्रपट जपानमध्ये जुलै १९८८ मध्ये आला. चित्रपट पडद्यावर होता तेव्हा मांगाचा शेवट छापूनच व्हायचा होता. जे प्रसिद्धच झालं नव्हतं ते गाळलं कसं जाईल? आणि दिग्दर्शक ओतोमो स्वतः. त्याने एकच गोष्ट दोनदा संपवली, आधी दोन तासांच्या चित्रपटात, मग सहा खंडांच्या मांगात. तुलना पूर्ण उलटी फिरवली: चित्रपटात काय उरलं हा प्रश्न सोडून, चित्रपट करून झाल्यावर मांगा कुठे गेला, हे पाहिलं. त्यावरचा भाग तिन्ही परीक्षणांत मला सर्वांत आवडतो.

यापुढे कुठल्याही रूपांतरावर लिहिताना पहिलं काम दोन तारखांच्या पट्ट्या आखायचं.

१७ मार्च. ५ तास.

ॲनिमे मालिका. बारा भाग, म्हणजे तीन महिन्यांचा एक हंगाम. एका बैठकीत सगळे पाहिले. ओपनिंग आणि एंडिंग (प्रत्येक भागाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं) दीड-दीड मिनिटांची, ती दुसऱ्या भागापासून पुढे ढकलली. टिपण केलं: "प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तेच ते पुन्हा सांगतात, कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवशी हे वाचून खटकलं. आठवड्याला एक भाग पाहणाऱ्यासाठी ते आहे. मी ज्या पद्धतीने पाहिलं त्याचा कंटाळा मालिकेच्या माथी मारत होते. पुढचे काही दिवस पाचवा ते आठवा भाग रोज एकच, ओपनिंगसकट, पाहिला. ओपनिंगमधलं एक चित्र सातव्या भागानंतर बदललेलं आहे हे तेव्हा दिसलं. पुढे ढकलत राहिले असते तर ते कधीच कळलं नसतं.

२० मार्च. ४ तास.

"हालचाल झटकेदार आहे" असं लिहायचं होतं, पण नुसतं तसं म्हणायचं नव्हतं, मोजायचं होतं. ॲनिमे सेकंदाला २४ फ्रेमने (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर चौकटींनी) चालतो. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असेल तर सेकंदाला २४ चित्रं, एक चित्र दोन फ्रेम टिकलं तर १२, तीन फ्रेम टिकलं तर ८. टीव्ही मालिकांत तीनचं काम सर्रास असतं.

डिस्क लावून स्क्रीन रेकॉर्ड केली आणि फोनवर मोजत बसले. एक चित्र ४ फ्रेम, मग ४, मग ४, मग ३, मग पुन्हा ४. दुसऱ्या प्रसंगात २, ३, २, ३. काही पत्ता लागेना. तीन तास मोजून पान भरलं आणि "लय अनियमित, बहुधा मुद्दाम" असा निष्कर्षही काढला.

२३ मार्च. ६ तास.

अनियमित काही नव्हतं. रेकॉर्डिंग सेकंदाला ३० फ्रेमचं होतं. २४ चे ३० करताना दर चार फ्रेममागे एक जादा घुसते. तीन फ्रेम टिकणारं चित्र तिथे पावणेचार फ्रेम टिकतं, म्हणून ४, ४, ४, ३. दोनचं चित्र अडीच फ्रेम टिकतं, म्हणून २, ३, २, ३. मुद्दाम केलेली लय म्हणून जे कौतुक करणार होते, ते माझ्या रेकॉर्डरचं होतं.

डिस्क थेट व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावली. त्यात 'ई' दाबलं की एक फ्रेम पुढे जाते. तीन प्रसंग निवडले, प्रत्येकी दहा सेकंद. पार्श्वभूमी सरकते तेव्हा प्रत्येक फ्रेम वेगळी दिसते, पण पात्राचं चित्र तेच असतं. पात्राची बाहेरची रेघ पाहून मोजायचं, मागची इमारत पाहून नाही. बोलण्याच्या प्रसंगात तोंडाची तीनच चित्रं निघाली: बंद, अर्धं उघडं, उघडं. 'अकिरा' चित्रपटात संवाद आधी रेकॉर्ड करून मग तोंडं काढली होती, म्हणून तिथलं बोलणं वेगळं वाटतं. शेजारी शेजारी पाहिल्यावर फरक स्पष्ट दिसला.

आणि मोजल्यावर "झटकेदार" हा शब्द खोडावा लागला. नवव्या भागातल्या भांडणात ती मुलगी हात उगारते तेव्हा चित्रं तीन-तीन फ्रेमने चालली आहेत. हात खाली येतो तेव्हा प्रत्येक फ्रेमला नवं चित्र, सहा फ्रेम. मग हात थांबतो आणि एकच चित्र एकोणीस फ्रेम तसंच. पाऊण सेकंदाहून जास्त काहीही हलत नाही. मालिकेकडे चित्रं मोजकी होती आणि ती कुठे खर्च करायची हे करणाऱ्यांना नेमकं माहीत होतं. तो प्रसंग मी दहा-बारा वेळा फ्रेम-फ्रेमने पाहिला असेल. दर वेळी त्या एकोणीस फ्रेमपाशी श्वास रोखला जातो.

२६ मार्च. ३ तास.

आणखी एक दुरुस्ती. अकराव्या भागातली लढाई मी आधी स्ट्रीमिंगवर पाहिली होती आणि "चित्र अंधारं, रंग मेलेले" असं लिहिलं होतं. डिस्कवर तोच प्रसंग लख्ख आहे. डिसेंबर १९९७ मध्ये 'पोकेमॉन'चा एक भाग पाहताना लाल-निळ्या उघडझापीमुळे जपानमध्ये शेकडो मुलांना त्रास झाला, त्यानंतर तिथल्या वाहिन्यांनी चमकणाऱ्या दृश्यांसाठी नियम केले. म्हणून प्रक्षेपणाच्या प्रतीत असे प्रसंग मंद केलेले असतात, आणि स्ट्रीमिंगवर बहुतेकदा तीच प्रत येते. मूळ चित्रावर टीका करण्याऐवजी लिहिलं की दोन प्रतींत फरक आहे, आणि तो का आहे.

२९ मार्च. ४ तास.

तिन्ही परीक्षणं अशा एका मैत्रिणीला दिली जिने यातलं काहीच खेळलेलं-वाचलेलं-पाहिलेलं नाही. अभिप्राय मागितला नाही. एकच विचारलं, "हे वाचून तू काय करशील?"

गेमबद्दल म्हणाली, "मला खेळायचंय, पण मी जीएम होणार नाही." मांगाबद्दल, "आधी चित्रपट बघू की आधी पुस्तक, ते सांगितलंच नाहीस." खरंच राहिलं होतं, वाक्य घातलं. ॲनिमेबद्दल म्हणाली, "अगं, नवव्या भागात ती हात उगारते हे तू सांगूनच टाकलंस की." स्पॉइलर म्हणजे शेवट फोडणं एवढंच मी धरत होते. जो प्रसंग मला सर्वांत जास्त आवडला तोच तिच्यासाठी फोडून ठेवला होता. परीक्षणात आता भाग आणि पात्र न सांगता फक्त फ्रेमचा हिशोब ठेवलाय. इथे नोंदीत तो उघडा आहे, कारण मालिकेचं नाव इथे नाही.

२ एप्रिल. १ तास.

तिसऱ्या सेशनची जीएम होती तिचा निरोप आला. तिने स्वतःसाठी रूलबुक घेतलं, त्याची छपाई दुसरी आहे. त्यात जीएमच्या चालींची यादी प्रकरणाच्या शेवटी नाही, पुस्तकाच्या आतल्या वेष्टणावरच छापलीय, आणि पात्र तयार करायला 'सुमारे एक तास' असं लिहिलंय. परीक्षणात पहिल्या छपाईचा उल्लेख घातला, दुसऱ्या छपाईत काय बदललं ते दोन ओळींत लिहिलं. कार्ड कसं बनवायचं तो परिच्छेद तसाच ठेवला, पहिल्या छपाईवाल्यांसाठी. वहीतले तास मोजले: ७६.